गोष्ट कुणाची, अहवाल कुणाचा?

आमच्या शाळेत 'गोष्टींतून समुपदेशन' नावाची एक कार्यशाळा झाली. त्या दीड तासात एका मुलीचे अब्बा सौदीहून तुरुंगात गेले. मी त्या वर्गात हजर होते आणि जे झालं त्यात माझाही हात होता. म्हणून हे लिहिते आहे.

आधी काय घडलं ते सांगते. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बाहेरच्या एका संस्थेच्या दोन ताई आल्या होत्या. चांगल्या शिकलेल्या, बोलायला गोड. मुलांना गोल बसवलं, मध्ये एक मेणबत्ती लावली. एका ताईंनी स्वतःच्या लहानपणीची एक दुःखाची गोष्ट सांगितली. मग म्हणाल्या, ज्याच्या मनात काही अडकलंय त्याने इथे सांगायचं, सांगितलं की हलकं वाटतं. मुलं गप्प. सातवीतली ती मुलगी खाली बघत होती. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बोल बेटा, अपने ही लोग हैं."

ती बोलली. तिचे अब्बा सौदीला नव्हते, तीन वर्षांपासून तुरुंगात कच्चे कैदी होते. बोलताना ती रडली, तिच्याबरोबर वर्गातल्या आणखी चार मुली रडल्या. एका ताईंनी तिला जवळ घेतलं, दुसऱ्या ताईंनी फोटो काढला. शेवटी टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी शाळेत आली नाही. काही महिन्यांनी संस्थेची माहितीपुस्तिका आली. आतल्या पानावर तोच फोटो होता. नाव बदललेलं होतं, डोळ्यांवर काळी पट्टी होती. पण दप्तरावर शाळेचं बोधचिन्ह होतं, आणि आमच्या गल्लीत पोरं एकमेकांना दप्तरावरूनही ओळखतात.

'सौदीचे अब्बा' ही गोष्ट त्या मुलीने तीन वर्षं सांभाळली होती. खूप तपशिलाने सांगायची. अब्बा जुम्म्याला फोन करतात, दम्मामला खूप ऊन असतं, रमजानमध्ये खजूर पाठवतात. ते खजूर तिची अम्मी स्टेशनजवळून आणायची हे मला माहीत होतं. आता लक्षात येतं की ती गोष्ट म्हणजेच तिचा इलाज होता. त्या आधारावर ती रोज शाळेत येत होती, अभ्यास करत होती, मैत्रिणींत बसत होती. आम्ही तिची गोष्ट बरी करायला गेलो आणि तिचं छप्पर काढून घेऊन आलो.

आता माझं म्हणणं मांडते. गोष्ट सांगण्याने माणूस बरा होतो, यावर माझा विश्वास आहे. पण गोष्ट काढून घेण्याने माणूस बरा होत नाही. समुपदेशन आणि समाजकार्याच्या नावाखाली आपल्या वस्त्यांमध्ये आज जे चाललं आहे त्यातलं बरंचसं काढून घेणं आहे. आणि याला फक्त बाहेरचे लोक जबाबदार नाहीत. आपणही आहोत. त्याकडे पुढे येते.

'मनातलं सांगितलं की हलकं वाटतं' हे वाक्य आपण इतकं ऐकलं आहे की ते तपासायची गरज कुणाला वाटत नाही. पण ते तपासलं गेलं आहे. अपघात, हल्ला, आग अशा प्रसंगातून गेलेल्या माणसांना लगेच एकदा बसवून घडलेलं सगळं सविस्तर सांगायला लावायचं, अशी पद्धत पाश्चात्त्य देशांत 1980 आणि 1990 च्या दशकांत जोरात होती. कोक्रेन या संस्थेने 2002 साली अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यात दिसलं की एकाच बैठकीत असं बोलून घेण्याने पुढचा मानसिक आजार टळत नाही. एका प्रयोगात तर ज्यांना बोलायला लावलं त्यांचीच अवस्था नंतर जास्त वाईट निघाली. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली मानसिक प्रथमोपचारांची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात स्पष्ट भूमिका आहे: माणसाला आधी सुरक्षित जागा, पाणी, अन्न, नातेवाइकांची माहिती द्या. बोलायचं असेल तर ऐका. काय घडलं ते सांगायला भाग पाडू नका.

याच्या उलट बाजूचाही एक प्रयोग आहे. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 साली कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं स्वतःच्या आयुष्यातल्या सर्वांत वेदनादायक अनुभवाविषयी लिहायला सांगितलं. लिहिल्यानंतर लगेच त्यांना बरं वाटलं नाही, उलट मन जड झालं. पण पुढच्या महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. म्हणजे व्यक्त होण्यात ताकद आहेच. मात्र त्या कागदांवर नाव नव्हतं. गोल करून बसलेला वर्ग नव्हता, मेणबत्ती नव्हती, टाळ्या नव्हत्या, फोटो तर नव्हताच. त्या मुलांना गोष्टीने मदत केली, प्रेक्षकांनी नाही.

गोष्टींचा इलाजासाठी वापर करणारे जे खरे जाणकार आहेत, ते हे जाणतात. ऑस्ट्रेलियाचे मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी 1980 च्या दशकात जी पद्धत उभी केली तिला कथनोपचार म्हणता येईल. त्यांचा मूळ विचार साधा आहे. अडचण म्हणजे माणूस नव्हे. अडचणीला माणसापासून वेगळं काढा, तिला नाव द्या, आणि मग त्या माणसाने तिच्यावर कधी कधी मात केली ते शोधा. व्हाइट यांच्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा आला होता. त्याची शी कपड्यांतच व्हायची. घरचे कंटाळलेले, मुलगा शरमलेला. व्हाइट यांनी त्या शीलाच एक लबाड पात्र केलं आणि घरच्यांना विचारलं, हे पात्र तुम्हाला कसं फसवतं आणि तुम्ही त्याला कधी फसवलंत? मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून पंचांच्या बाजूला येऊन बसला. त्याला स्वतःची लाज चारचौघांत सांगावी लागली नाही. त्याला एक दुसरी गोष्ट मिळाली, ज्यात तो हरणारा नव्हता.

हे मी वर्गात करून पाहिलं आहे. एक मुलगा मराठीचं वाचन आलं की अडकायचा. उर्दू वाचताना ठीक, मराठीत तोंड उघडलं की घसा बंद. मी त्याला विचारलं, तुला कोण अडवतं? विचार करून म्हणाला, "टीसी." शब्दाच्या दारात टीसी उभा राहतो आणि तिकीट मागतो. लोकलने फिरणाऱ्या मुलाला दुसरं काय सुचणार! मग आमचं ठरलं. रोज वाचून झालं की मी विचारायची, आज टीसी भेटला का? कधी म्हणायचा, भेटला, दंड झाला. एक दिवस म्हणाला, "भेटला टीचर, पण मी पास दाखवला." त्याचं अडकणं पूर्ण गेलं असं नाही. पण ते टीसीचं झालं, त्याचं राहिलं नाही.

आफ्रिकेच्या दक्षिण भागात, एचआयव्हीमुळे आईबाप गमावलेल्या मुलांसाठी न्काझेलो न्क्युबे आणि डेव्हिड डेनबरो यांनी 'जीवनवृक्ष' नावाची पद्धत तयार केली. मुलं झाड काढतात. मुळांत आपण कुठून आलो ते लिहितात, खोडात आपल्याला काय येतं ते, फांद्यांत आशा, पानांत जवळची माणसं, फळांत आपल्याला मिळालेल्या भेटी. सगळी झाडं भिंतीवर लावून जंगल करतात. त्यानंतर कुठे वादळांचा विषय निघतो, आणि तोही 'जंगलावर कोणती वादळं येतात' असा, सगळ्यांचा मिळून. कुणा एका मुलाला उभं करून 'तुझे वडील कसे वारले ते सांग' असं विचारत नाहीत. आधी उभं राहायला जमीन, मग वादळ. आमच्याकडे आलेल्या ताईंनी याच्या बरोबर उलट केलं. आणि ते करायला त्यांना दीड तास पुरला.

हा झाला तंत्राचा भाग. पण माझा राग फक्त तंत्रावर नाही.

आपल्याकडून कोणत्या गोष्टी मागितल्या जातात ते पाहा. तलाकची गोष्ट हवी असते. बुरख्याची हवी असते. दंगलीची, तुरुंगाची, गरिबीची हवी असते. आमच्या इमारतीत एक बाई राहतात. नवऱ्याने सोडलं. त्यांनी ती हकीकत जमातीच्या लोकांना सांगितली, पोलीस ठाण्यात सांगितली, एका संस्थेला सांगितली, मग 2017 साली तिहेरी तलाकचा निकाल आला तेव्हा कॅमेरा घेऊन आलेल्यांना सांगितली, 2019 साली कायदा झाला तेव्हा पुन्हा सांगितली. त्या माणसाकडून खावटीचा एक रुपया अजून आलेला नाही. त्या शिलाई करतात, त्यांच्या हातची सलवार-कमीज घालायला तीन गल्ल्यांतल्या बायका येतात, एकटीच्या कमाईवर मुलाला डिप्लोमाला पाठवलं. ही गोष्ट त्यांना कुणी विचारली नाही. एक छापील फॉर्म मी पाहिला आहे. त्यात दोन चौकोन होते: 'आधी' आणि 'नंतर'. आधीच्या चौकोनात जितका अंधार तितका नंतरच्या चौकोनात संस्थेचा उजेड. ज्या बाईला संस्थेने उजेड दिलेलाच नाही, तिच्याकडूनही अंधार मात्र भरून घेतात.

दोन्ही भाषा शिकवताना एक शब्द मला नेहमी थांबवतो. तक्रार. अरबीत याचा अर्थ पुन्हा पुन्हा करणं. उर्दूत तोच अर्थ आहे, शिवाय वादविवाद. मराठीत आला आणि त्याचा अर्थ गाऱ्हाणं झाला. वर्गात मी हे गमतीने सांगते. पण त्या शेजारणीकडे पाहिलं की वाटतं, मराठीने या शब्दाचा अर्थ बदललाच नाही. आपल्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तेच तेच पुन्हा सांगणं.

आता आपल्या घरात येते.

बाहेरचे लोक आपल्याला बोलायला लावतात, आणि आपले लोक आपल्याला गप्प बसवतात. दोघांच्या हातात गोष्टीच असतात. बाई मार खाऊन माहेरी आली की तिला हजरत अय्यूब यांच्या सब्रची गोष्ट ऐकवली जाते. इतका आजार, इतकी हानी, पण तोंडातून शब्द काढला नाही, असं सांगतात. हे सांगणाऱ्यांनी कुरआन एकदा नीट वाचावं. सूरह अंबियामध्ये अय्यूब आपल्या रबला हाक मारून सांगतात की मला त्रास झाला आहे. त्यांना कुणी गप्प केलं नाही. त्यांची हाक ऐकली गेली आणि त्रास दूर केला गेला. हजरत याकूब मुलाच्या विरहात इतके रडले की डोळे पांढरे झाले. त्यांची मुलंच त्यांना म्हणत होती, किती आठवण काढता! म्हणजे त्या गोष्टीत 'रडू नका' म्हणणारे कोण होते, तर ज्यांनी भावाला विहिरीत टाकलं ते. ही गोष्ट ज्या सूरह यूसुफमध्ये आहे, तिची सुरुवातच 'सर्वांत सुंदर किस्सा' अशी होते. सब्र म्हणजे तोंड शिवणं असा अर्थ आपण कुठून आणला? मला वाटतं, ज्यांना ऐकायचा कंटाळा आहे त्यांनी तो आणला.

खरं तर ऐकायचं कसं, हे शिकायला आपल्याला फार लांब जायची गरज नाही. मी बी.एड.ला समुपदेशनाच्या पायऱ्या पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या, विसरले. पण हिरा गुहेतून थरथरत घरी आलेल्या पैगंबर मुहम्मद (स.) यांना हजरत खदीजा यांनी कसं सांभाळलं, ते लहानपणी नानीने सांगितलेलं अजून आठवतं. त्यांनी आधी पांघरूण दिलं. थरथर थांबू दिली. मग पैगंबरांनी स्वतः सांगितलं ते ऐकलं. ऐकून झाल्यावर 'असं काही नसतं' म्हणाल्या नाहीत आणि 'अल्लाहची मर्जी' म्हणून विषय संपवला नाही. तुम्ही नाती जपता, दुबळ्यांचं ओझं उचलता, पाहुण्यांची सोय करता, अशी त्यांना त्यांचीच दुसरी ओळख सांगितली. आणि मग जे आपल्याला कळत नाही ते ज्याला कळतं अशा जाणत्या माणसाकडे, वरका बिन नौफल यांच्याकडे, सोबत घेऊन गेल्या. पांघरूण, ऐकणं, माणसाला त्याचं बळ आठवून देणं, आणि गरज असेल तिथे सोबत जाणं. व्हाइट आणि एप्स्टन यांची पुस्तकं मी नंतर वाचली. वाचताना मला नानीचा आवाज येत होता.

न सांगण्याचा हक्कही तिथेच आहे. हजरत मरियम खजुराच्या झाडाखाली एकट्या कळा सोसत होत्या. त्यांनी मरणाची इच्छा बोलून दाखवली, तरी त्यांना दटावलं गेलं नाही. आधी पायाखाली पाणी आणि झाडावरून ताजे खजूर दिले गेले. मग सांगितलं गेलं की लोक भेटले तर त्यांना कळव, मी आज न बोलण्याचा रोजा धरला आहे. बाळ घेऊन त्या गावात आल्या. सगळं गाव उत्तर मागत होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, फक्त बाळाकडे बोट दाखवलं. माझ्या वर्गातल्या मुलीच्या पाठीवर हात ठेवताना मला ही गोष्ट आठवायला हवी होती. 'बोल बेटा' ऐवजी 'नको बोलू बेटा, तुझा रोजा आहे' असं म्हणायला हवं होतं.

आणि सांगितलेल्या गोष्टीचं पुढे काय व्हायला हवं, तेही आहे. खौला बिन्त सअलबा नावाच्या बाईला नवऱ्याने 'तू मला माझ्या आईसारखी' म्हणून टाकलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ती धड बायको राहिली नाही, धड मोकळीही झाली नाही. तिने पैगंबरांकडे येऊन गाऱ्हाणं मांडलं, वाद घातला, पहिल्या उत्तराने गप्प बसली नाही. कुरआनच्या अठ्ठावन्नाव्या सूरहचं नावच तिच्या वाद घालण्यावरून पडलं आहे. तिची गोष्ट ऐकून तिला फक्त धीर दिला गेला नाही. तो रिवाज निषिद्ध ठरला आणि तसं बोलणाऱ्या नवऱ्याला प्रायश्चित्त लागू झालं. गोष्टीमुळे नियम बदलला. याला मी ऐकणं म्हणते.

महाराष्ट्रातही असं झालं आहे. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिला मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या. दलवाईंशी तुमचे मतभेद असतील, माझेही काही आहेत. पण त्या सात जणींनी आपली गोष्ट कुणाच्या अहवालासाठी सांगितली नाही. त्यांच्या गोष्टीला मागणी जोडलेली होती. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली पोलिसांच्या आवारात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्ती तिथे बाईचं ऐकते आणि ऐकता ऐकता अर्ज लिहिते, अधिकाऱ्याला भेटते, सासरी पत्र पाठवते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत संस्था आणि महापालिका यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं, तिथे जखमेवर मलमपट्टी झालेल्या बाईला त्याच इमारतीत ऐकणारं माणूस मिळतं. दिलासा हा शब्द माझ्या दोन्ही भाषांत एकाच अर्थाने नांदतो, म्हणून मला तो विशेष आवडतो. या कामातही गोष्टच आहे. पण ती बाईच्या उपयोगाची आहे.

माझ्या बोलण्यावर तीन आक्षेप येतील, ते मला माहीत आहेत.

पहिला संस्थावाल्यांचा. गोष्टी आणि फोटो नसतील तर देणगी मिळत नाही, देणगी नसेल तर काम बंद. मी हे हसण्यावारी नेत नाही. लहान संस्थांची ओढाताण मी पाहिली आहे. पण मग हा प्रश्न देणगीदाराला विचारा, सातवीतल्या मुलीकडून त्याची किंमत वसूल करू नका. आपण किती तास बसलो, किती जणींना वकील मिळवून दिला, किती मुलं शाळेत टिकली, हेही अहवालात लिहिता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये उपचार घेणाऱ्याच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. बाल न्याय कायदा 2015 मध्ये काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख जाहीर करायला मनाई आहे. शाळेतली कार्यशाळा दवाखाना नाही आणि बालगृहही नाही, हे खरं. पण कायद्यामागचा विचार शाळेच्या दाराशी येऊन थांबत नाही.

दुसरा आक्षेप सुधारक मित्रांचा. तुम्ही 'गोष्ट सांगू नका' म्हणता, हे तर मौलानाही म्हणतात, तुम्ही त्यांच्याच हातात काठी देता. नाही. मौलाना म्हणतात, घरची गोष्ट बाहेर नको, कारण घराची इज्जत जाते. मी म्हणते, गोष्ट जिची आहे ती ठरवेल. तिला पोलिसांत सांगायची असेल तर मी रिक्षा करून तिच्याबरोबर जाईन. तिला भर चौकात सांगायची असेल तर माइक धरीन. पण तिला सांगायची नसेल तर तिच्या पाठीवर हात ठेवून तिला ढकलणार नाही. या दोन भूमिका सारख्या वाटत असतील तर पुन्हा वाचा.

तिसरा आक्षेप आपल्याच शेजाऱ्यांचा. हे समुपदेशन वगैरे आपल्याला नकोच, नमाज आणि दुआ पुरे. त्यांना मी एवढंच सांगेन की राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, 2015-16 साली, वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या शंभरपैकी 70 ते 92 रुग्णांना उपचारच मिळत नाहीत असं दिसलं. त्यांत दुआ करणारेही असणार. दुआ करा आणि 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोनही करा. खदीजांनी धीर दिला आणि मग जाणत्याकडेही नेलं, हे विसरू नका.

त्या मुलीच्या घरी मी गेले, पण जायला मला नऊ दिवस लागले. शरमेने पाय उचलत नव्हता. तिची अम्मी मणी ओवत बसली होती. पाणी दिलं, बसवलं, आणि ओवता ओवताच म्हणाली, "टीचर, उसने बोल दिया, आप लोग रो दिए. अब हमारा क्या हलका हुआ, बताओ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो विचारला: केसची तारीख कधी आहे?

तारीख तिला सांगता येत होती. वकील कोण आहे ते सांगता येत नव्हतं. आपल्या देशात तुरुंगातल्या दर चार माणसांपैकी जवळपास तीन कच्चे कैदी असतात, खटला चालू असलेले किंवा सुरूच न झालेले. कोठडीत असलेल्या माणसाला आणि कुठल्याही बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, 1987 च्या कायद्याने. त्या ताईंच्या कार्यशाळेत या कायद्याचं नाव निघालं नाही. मीही काढलं नाही, कारण मलाही ते तोपर्यंत माहीत नव्हतं. आम्ही दोघी जिल्हा न्यायालयात गेलो, अर्ज केला. अर्जात तिने तीच सगळी हकीकत सांगितली, मी लिहून घेतली. कुणी रडलं नाही. कारकुनाने शिक्का मारला, पोच दिली. बाहेर आल्यावर तिने पोच घडी करून बटव्यात ठेवली आणि म्हणाली, "आज बोलने का फायदा हुआ." जामिनाचं अजून काही झालेलं नाही. पण वकिलाचं नाव तिला आता माहीत आहे.

तुमच्या शाळेत, मोहल्ल्यात, महिला मंडळात कुणी गोष्टी गोळा करायला आलं तर त्यांना हाकलू नका. पण तीन प्रश्न जरूर विचारा. ही गोष्ट न सांगता उठून जायची मुभा आहे का? पुढच्या महिन्यात तुम्ही परत येणार आहात का? आणि ही गोष्ट ऐकून तुम्ही काय करणार आहात? तिन्हींचं उत्तर नीट मिळालं तर चहा पाजा. नाही मिळालं तर चहा पाजा आणि निरोप द्या. आणि हेच तीन प्रश्न जमातीच्या बैठकीत बसणाऱ्या आपल्या बुजुर्गांनाही विचारा. तिथे तर जास्त गरज आहे.

मुलगी सव्वा महिन्याने शाळेत परत आली. पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेली. मी काही विचारलं नाही. सहामाहीनंतर मी मुलांना मराठीत एक पान लिहायला दिलं, विषय ज्याचा त्याने निवडायचा. आणि नियम सांगितला: जे मला वाचायचं नाही ते पान दुमडून पिन मारून द्यायचं, त्याचेही गुण तितकेच. चाळीसपैकी सहा वह्यांत पानं पिन मारलेली आली. एक तिची होती. मी पिन काढली नाही. दुमडलेल्या पानावर बाहेरून तारीख टाकून सही केली आणि वही तिला परत दिली.